मेयोतला वॉल्श शोधायचा तर आधी त्याचं टाउनलँड शोधा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नातवासाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ करताय. तुमच्या बाजूच्या सात पिढ्या लागल्या आणि सुनेच्या बाजूला तिच्या खापरपणजोबांपाशी शोध थांबला. हाती आहे ते वॉल्श हे आडनाव, 'मेयो, आयर्लंड' एवढाच पत्ता आणि १८८०च्या सुमाराला विशीतला तो मुलगा बॉस्टनला उतरला ही घरातली आठवण. त्यात कुणीतरी सांगितलं की आयर्लंडचे सगळे कागद जळाले, नाद सोडा.

नाद सोडू नका. मेयो हा पश्चिम आयर्लंडमधला परगणा. मी शेजारच्या गॉलवेत राहते, माझं सासर मेयोचं. सासऱ्यांचं घराणं शोधताना मी जिथे जिथे अडखळले, त्यातल्या बऱ्याच जागा तुमच्या वाटेवर येणार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या आगीबद्दल. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद, हजारो मृत्युपत्रं आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त पॅरिशची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) रजिस्टरं त्यात होती. १८६१ आणि १८७१ची जनगणनेची पानं सरकारनेच आधी नष्ट केली होती, १८८१ आणि १८९१ची पहिल्या महायुद्धात लगद्यात गेली. त्यामुळे १९०१च्या आधीची घरोघरची यादी जवळपास नाही, हे खरं. पण कॅथलिक चर्चची रजिस्टरं त्या इमारतीत नव्हतीच. ती त्या त्या गावच्या पाद्र्यांकडे होती. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदीही तिथे नव्हत्या, आणि जमिनीच्या आकारणीची छापील पुस्तकं तर जागोजाग होती. तुमचे वॉल्श कॅथलिक असतील, आणि मेयोतले बहुतेक वॉल्श कॅथलिकच, तर त्या आगीने तुमचं नुकसान वाटतं त्याहून बरंच कमी केलंय.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. मेयोत वॉल्श पावलोपावली भेटतात. नुसत्या नावावरून शोधलंत तर शंभर जण सापडतील आणि त्यातला आपला कुठला ते कळणार नाही. इथे माणूस ओळखायची खूण म्हणजे त्याचं टाउनलँड. त्याला गाव म्हणू नका, आपल्या वाडीसारखं धरा: कधी पाच घरं, कधी चाळीस, पण हद्द ठरलेली आणि नाव जुनं. देशभर अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. ती मिळून सिव्हिल पॅरिश होतं, आणि कॅथलिक पॅरिश त्याहून निराळं, हद्दी जुळत नाहीत. शिवाय जन्मनोंदीचा जिल्हा तिसराच. हे तीन नकाशे डोक्यात वेगळे ठेवले नाहीत तर चुकीच्या रजिस्टरमध्ये महिने जातात.

टाउनलँडचं नाव बहुधा आयर्लंडमध्ये नाही, अमेरिकेत सापडतं, म्हणून आधी बॉस्टन धुंडाळा. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी लग्ननोंदीत वधूवरांच्या आईवडिलांची नावं असतात. त्यात आईचं माहेरचं नाव मिळालं तर अर्धी लढाई जिंकलीत, कारण वॉल्श शंभर असले तरी अमुक घराण्यातली बायको असलेला वॉल्श एखाददुसराच निघतो. मग ते लग्न ज्या चर्चमध्ये लागलं तिथलं रजिस्टर पाहा. आयरिश पाद्री कधीकधी समासात वराचं मूळ पॅरिश लिहून ठेवत. बॉस्टन आर्चडायसिसची, म्हणजे तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताची, जुनी रजिस्टरं स्कॅन होऊन ऑनलाइन आली आहेत. थडग्यावरचा मजकूर, वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी, भावंडांचे कागद, सगळं बघा. 'बॉस्टन पायलट' या वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत आणि त्यात पॅरिश, कधी टाउनलँडसुद्धा असे. नागरिकत्वाच्या कागदांवर मात्र फार भिस्त ठेवू नका, १९०६च्या आधीच्या कागदांवर जन्मस्थान म्हणून बहुतेक वेळा नुसतं 'आयर्लंड' असतं.

एक सावधगिरी. नाव मिळालं तरी ते कानावर पडलं तसं लिहिलेलं असणार. ही नावं मुळात आयरिश भाषेतली. नकाशाखात्याने ती इंग्रजी अक्षरांत बसवली, आणि बॉस्टनच्या कारकुनाने ती पुन्हा आपल्या परीने ऐकली. मोठ्याने म्हणून पाहा आणि तुकडे ओळखा: 'बॅली' म्हणजे वस्ती, 'नॉक' म्हणजे टेकडी, 'किल' बहुधा चर्च, 'डेरी' म्हणजे ओकचं रान, 'कॅरो' म्हणजे जमिनीचा चौथा हिस्सा. मग टाउनलँड्स डॉट आयई या स्थळावर मेयोपुरती यादी काढून मिळतंजुळतं नाव शोधा.

आता तारखांचं गणित. मुलगा १८८०ला विशीत होता म्हणजे जन्म १८६०च्या आसपासचा. सगळ्यांच्या जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ला सुरू झाली, तेव्हा त्याचीच नोंद हुकली असण्याची शक्यता दाट. पण त्याची धाकटी भावंडं १८६४ नंतरची असतील! त्यांच्या जन्मनोंदीत आईचं माहेरचं नाव आणि टाउनलँड दोन्ही असतं. आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई वर या नोंदींची मूळ पानं फुकट दिसतात. तारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. उशिरा नोंदवलं तर दंड पडे, म्हणून लोक जन्मतारीख पुढे ढकलून सांगत. आमच्या घरात एका मुलीचा बाप्तिस्मा तिच्या 'जन्मा'आधी तीन आठवडे झालेला आहे.

जमिनीचे कागद हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि मराठी माणसाला तो पटकन कळतो. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या हाताखाली १८४७ ते १८६४ या काळात सबंध देशाची आकारणी झाली. मेयोची पुस्तकं १८५५ ते १८५७ या काळातली आहेत. सातबारा वाचता येत असेल तर ग्रिफिथही वाचता येतो: टाउनलँडचं नाव, नकाशावरचा क्रमांक, भोगवटादार, त्याने जमीन कुणाकडून खंडाने घेतली त्याचं नाव, क्षेत्र आणि आकारणी. क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत असतं. एक रूड म्हणजे बरोबर आपले दहा गुंठे, आणि चार पर्चचा एक गुंठा. ही सांगड बसली की आकडे बोलायला लागतात. बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या मोठ्या दुष्काळात, १८४७च्या कायद्याने, पाव एकराहून जास्त जमीन धरणाऱ्या कुळाला सरकारी मदत बंद झाली होती. दहा गुंठ्यांवर जमीन ठेवायची की घरात अन्न आणायचं, एवढाच पर्याय. मेयोची लोकसंख्या १८४१ला सुमारे ३ लाख ८९ हजार होती, १८५१ला २ लाख ७४ हजार राहिली. ग्रिफिथच्या पानावर जे नाव आहे ते त्या दहा वर्षांतून जिवंत राहिलेल्या माणसाचं आहे. मी ती यादी वाचताना हे विसरू शकत नाही.

त्या यादीतली आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाची दोन-तीन कुळं असली तर आकारणीवाले नावापुढे कंसात वेगळेपण लिहीत: कधी 'लाल' किंवा 'मोठा', आणि पुष्कळदा बापाचं नाव. म्हणजे कंसातलं 'मायकेल' हे त्या कुळाच्या बापाचं नाव असू शकतं. एका शब्दात तुम्हाला आणखी एक पिढी मिळते. पश्चिमेकडे जमीन पुष्कळदा सामाईक कसली जाई, म्हणून एकाच क्रमांकाखाली क, ख, ग अशी अक्षरं लावून सहा-सात कुळं दिसली तर गोंधळू नका. बहुतेकदा ती एकमेकांची नातलगच असतात.

ग्रिफिथच्या मागे टाइथची पुस्तकं आहेत, साधारण १८२३ ते १८३८ या काळातली. चर्च ऑफ आयर्लंडसाठी शेतजमिनीवर बसवलेल्या पट्टीची ती यादी आहे, आणि ती पट्टी कॅथलिक कुळांनाही भरावी लागे. ज्याच्याकडे शेत नाही तो त्यात नाही, तेव्हा नाव नसलं म्हणजे माणूस नव्हता असा अर्थ काढू नका. त्यातला एकर पुष्कळ ठिकाणी आयरिश एकर आहे, आपल्या एकराच्या १.६२ पट. ग्रिफिथच्या क्षेत्राशी तुलना करताना हे धरलं नाही तर कुळाची जमीन मधल्या काळात वाढल्यासारखी भासते.

ग्रिफिथच्या पुढचं दफ्तर मात्र खरा खजिना. आकारणीनंतर कूळ बदललं की वहीत जुनं नाव खोडून नवं लिहीत, रंगीत शाईने, शेजारी साल. आपल्या फेरफार नोंदवहीची थेट बहीण. मेयोच्या या वह्या डब्लिनला आहेत, पूर्वीच्या व्हॅल्युएशन ऑफिसच्या दफ्तरात. माझी मोठी चूक तिथेच उमगली. सासऱ्यांच्या टाउनलँडमध्ये ग्रिफिथच्या वेळी एकाच नावाचे तिघे होते. त्यातला एक मी आमचा म्हणून धरला आणि दोन वर्षं त्याचीच पिलावळ जोडत गेले. वहीत पाहिलं तर तो तुकडा १८७०च्या आगेमागे भलत्याच आडनावाच्या माणसाकडे गेला होता. पलीकडच्या तुकड्यावर मात्र एक नाव खोडून वर सासऱ्यांच्या आजोबांचं नाव होतं, आणि शेजारचं साल बापाच्या मृत्युनोंदीनंतर दोन वर्षांचं. वहीतला फेरफार असा थोडा मागून येतो. माझं दोन वर्षांचं काम गेलं, पण त्या दिवसापासून मी माणसाच्या मागे न जाता जमिनीच्या तुकड्याच्या मागे जाते. माणसांची नावं सारखी असतात, तुकडा एकच असतो.

पॅरिश रजिस्टरं शेवटी लिहितेय, कारण टाउनलँड हातात नसताना ती उघडून उपयोग नाही. नॅशनल लायब्ररीने १८८०पर्यंतच्या कॅथलिक रजिस्टरांच्या जवळपास पावणेचार लाख प्रतिमा जुलै २०१५मध्ये फुकट खुल्या केल्या. शहरांमधली रजिस्टरं जुनी आहेत, पश्चिमेकडची पुष्कळशी १८४० किंवा ५०च्या दशकात सुरू होतात. मेयोत अठराव्या शतकापर्यंत जायची आशा धरू नका. नोंदी कधी इंग्रजीत, कधी लॅटिनमध्ये. याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, ब्रिगिडा म्हणजे ब्रिजेट. आणि अमेरिकेत डेलिया नावाची बाई दिसली तर इथे तिला ब्रिजेट म्हणून शोधा.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत गॉडफादर आणि गॉडमदर यांची नावं असतात. ती उतरवून घ्यायचा कंटाळा करू नका. ते बहुधा काका, मामी, मावशी असेच असत, आणि पाच भावंडांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की आईचं माहेर त्यातून उलगडतं. मुलांची नावं ठेवायची रीतही तपासा: पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची. रीत सगळ्यांनी पाळली असं नाही, पण दोन वॉल्शांपैकी एक निवडताना तिचा टेकू मिळतो.

आणि मागे राहिलेल्यांना विसरू नका. १९०१ आणि १९११च्या जनगणना फुकट उपलब्ध आहेत, तुमच्या वॉल्शचा भाऊ किंवा म्हातारी आई त्याच टाउनलँडमध्ये सापडू शकते. १९११च्या फॉर्मवर लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती, हे बायकांना विचारलं होतं. 'झाली अकरा, हयात सहा' असं वाचलं की पुढे सरकायला मला वेळ लागतो. वय मात्र दहा वर्षांत पंधरा-सोळाने वाढलेलं दिसेल. कारण १९०९पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली होती. जन्मदाखला नसलेल्यांचं वय तपासायला अधिकारी १८४१ आणि १८५१ची जनगणना उघडत. ती जनगणना पुढे जळाली, पण तपासाचे ते फॉर्म वाचले, आणि त्यांवर आईवडिलांची नावं आणि टाउनलँड असतं. त्या वॉल्शच्या मोठ्या काका-आत्यांपैकी कुणाचा फॉर्म निघतो का ते जरूर पाहा, नॅशनल आर्काइव्ह्जच्या स्थळावर नावाने शोधता येतात.

गेल्या उन्हाळ्यात सासऱ्यांना त्या तुकड्यावर घेऊन गेले. घराच्या भिंती कमरेएवढ्या उरल्यात, मागच्या उतारावर बटाट्याच्या जुन्या वाफ्यांचे पट्टे तिरप्या उन्हात अजून दिसतात. ते बोलले काहीच नाहीत. कुंपणाच्या दगडांवरून हात फिरवत शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले.

तुम्ही सध्या एवढंच करा: बॉस्टनची लग्ननोंद मिळवा आणि त्यातलं आईचं माहेरचं नाव मला कळवा. टाउनलँड दक्षिण मेयोतलं निघालं तर बॅलिनरोबच्या वंशशोध केंद्रात मी स्वतः जाऊन विचारते, मला तासाभराची वाट आहे.