बँडवाल्याच्या मुलाला जॅझ शिकायचंय

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आमचा ब्रास बँड आहे. वडिलांनी काढला, आता मी चालवतो. मुलगा बारावी कॉमर्सला आहे. दहावीनंतर लगीनसराईत आमच्याबरोबर ऑल्टो सॅक्सोफोन वाजवायला लागला, हात चांगला आहे. पण मोबाइलवर ऐकून ऐकून त्याने जॅझ शिकायचं डोक्यात घेतलंय. अमेरिकेतल्या बर्कली कॉलेजचं नाव घेतो, आणि वरातीत उभं राहायची लाज वाटते म्हणतो. माझं म्हणणं, बी.कॉम. करावं आणि बँकेच्या परीक्षा द्याव्यात. जॅझ म्हणजे नक्की काय? त्यावर पोट भरतं का? आणि त्यासाठी रस्त्याकडेचा तीन गुंठ्यांचा प्लॉट विकावा का? — एक वडील

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. प्लॉट विकू नका. पुढची दोन वर्षं तरी तो विषय घरात काढूच नका, कारण एकदा जमीन विकून पाठवलं की मुलाला परत फिरायची वाट राहत नाही आणि वडिलांना गप्प बसता येत नाही. पण त्याचं जॅझ बंद करा, असंही मी म्हणणार नाही. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. हे उत्तर मुलालाही वाचायला द्या, विशेषतः त्या लाजेचं.

जॅझ जन्माला आला तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आगेमागे. तिथे रस्त्यावर ब्रास बँड वाजायचे. मिरवणुकीला, सहलीला, नाचाला, आणि मयतालासुद्धा. स्मशानाकडे जाताना संथ, दुःखाच्या चाली. दफन झालं की परतीच्या वाटेवर उडत्या चाली, आणि मागे नाचत येणारी माणसं. त्या मागच्या नाचत्या गर्दीला 'सेकंड लाइन' म्हणतात आणि ती प्रथा आजही चालू आहे. वस्तीतली मंडळं वर्गणीतून बँडला सुपारी द्यायची. म्हणजे तुमचा मुलगा ज्या धंद्याची लाज वाटते म्हणतो, त्याच धंद्यातून हे संगीत निघालं. जॅझचा सर्वांत गाजलेला ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग तर पोरवयात पिस्तुलाचा बार काढला म्हणून सुधारगृहात गेला, आणि तिथल्या मुलांच्या बँडमध्ये त्याला कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचंच आखूड भावंड, नीट शिकायला मिळालं.

आणि तुमच्या मुलाच्या हातातलं वाद्य, सॅक्सोफोन? अडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि ते पहिल्यांदा रुळलं लष्करी बँडमध्ये. जॅझमध्ये ते बऱ्याच उशिरा मिरवायला लागलं.

'नक्की काय' याचं उत्तर तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं तर असं. आधी सगळे मिळून एक ओळखीची चाल वाजवतात. मग तिच्याखालची कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, साखळी तशीच फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर त्या क्षणी सुचेल ते नवं वाजवतो. सर्वांत साधी साखळी बारा बारच्या ब्लूजची. बारला चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. आवर्तनात कुठे आहोत हे भान सुटलं की वादक उघडा पडतो. ठेक्यावरून सम चुकलेल्या माणसासारखाच. वरातीत एक गाणं संपायच्या आत दुसऱ्याची फर्माईश झेलणाऱ्या मुलाकडे हे भान अर्धंअधिक असतंच.

आता पोटाचा प्रश्न. इथे मुलांची समजूत फार गोड असते. त्यांना वाटतं, मोठे वादक मनासारखं वाजवत गेले आणि पैसा मागून आला. तसं फार थोड्यांचं झालं. आर्मस्ट्राँगने १९१८-१९च्या सुमारास मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर फेट मरेबलच्या बँडमध्ये नोकरी धरली. तिथे समोर नोटेशनचा, म्हणजे सूर लिहिलेला, कागद असायचा आणि तो वाचावा लागायचा. त्याचं नोटेशन पक्कं झालं ते त्या नोकरीत. सिडनी बेशे हा सॅक्सोफोनचा पहिल्या पिढीतला उस्ताद. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मित्राबरोबर शिंप्याचं दुकान टाकलं होतं. पियानिस्ट आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टनने जवळपास पन्नास वर्षं मोठा बँड पोसला, आणि बँडच्या कमाईत तो भागत नव्हता तेव्हा स्वतःच्या रचनांच्या रॉयल्टीतून पोसला. मुलाने वादक म्हणून एलिंग्टन ऐकला असेल. त्याचं हिशेबाचं पान त्याला कोणी दाखवलेलं नसणार.

हीच गोष्ट आपल्या मुंबईत घडली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. १९३५ मध्ये लिऑन अॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजला. मागून टेडी वेदरफोर्डसारखा पियानिस्ट आला. त्यांच्याबरोबर, त्यांच्याकडून आणि त्यांच्या रेकॉर्डवरून शिकले ते मुख्यतः गोव्याचे वादक. का गोव्याचे? तर पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, त्यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या बँडना उतरती कळा लागली. पण तोवर या मंडळींनी सिनेमाचं दार उघडलं होतं. पुणतांब्याचे सी. रामचंद्र चाल बांधायचे आणि त्यांच्या ताफ्यात चिक चॉकलेट साहाय्यक होते. 'अलबेला'मधल्या १९५१च्या त्या गाण्यांचा झोका उगाच तसा लागलेला नाही. शंकर-जयकिशन यांचं अरेंजिंग, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणं, सेबॅस्टियन डिसोझा करायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ मध्ये गुरूचं नाव त्यांनी सिनेमाच्या गाण्यातच घालून टाकलं.

म्हणजे दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल, रविवारी कुणाचं तरी लग्न. जॅझ ही त्यांची आवड होती. चूल पेटायची ती कागद वाचता येतो, कागद लिहिता येतो आणि सांगाल ते वाजवता येतं म्हणून. पुढे सिंथेसायझर आणि संगणक आले, स्टुडिओतल्या वादकांच्या रांगा गेल्या, आणि ज्यांना फक्त वाजवता येत होतं त्यांचं काम सर्वांत आधी सुटलं.

सॅक्सोफोनचीच दोन नावं सांगतो. मनोहारी सिंग यांची सुरुवात कलकत्त्याजवळच्या बाटा कंपनीच्या ब्रास बँडमधली. 'रूप तेरा मस्ताना'मधला सॅक्सोफोन त्यांचा, आणि पुढे ते राहुलदेव बर्मन यांचे मुख्य अरेंजर झाले. दुसरे कद्री गोपालनाथ. मंगळूरकडचे, वडील नागस्वरम वादक, म्हणजे देवळाच्या आणि लग्नाच्या वाजंत्रीचंच घराणं. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन पाहिला आणि त्यावर कर्नाटक संगीत बसवलं. मुंबईच्या जॅझ यात्रा महोत्सवात १९८० मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांच्याबरोबर ते वाजले. त्यांना जॅझवाल्यांनी बोलावलं ते घरची विद्या सोबत होती म्हणून. अमेरिकेतल्या कुणाची हुबेहूब नक्कल करणारे त्यांच्याकडे हवे तितके होते.

आता तुमच्या घरात काय करायचं ते.

बर्कली बोस्टनमध्ये आहे, कॉलेज उत्तम आहे. चार वर्षांची पदवी, आणि नुसती शिकवणीची फीच वर्षाला ४० हजार डॉलरच्या वर. राहणं-खाणं वेगळं. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या ऑडिशन कशी होते यावर. आज तुमच्या मुलाने ऑडिशन दिली तर समोर कागद ठेवल्यावर तो अडखळेल, असा माझा अंदाज. जर्मनीतल्या सरकारी संगीत महाविद्यालयांतही जॅझचे विभाग आहेत आणि फी फार थोडी किंवा नाहीच. मात्र प्रवेश परीक्षा कडक, जर्मन यावं लागतं आणि वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी खात्यात दाखवावी लागते. भारतात मुंबईचं ट्रू स्कूल ऑफ म्युझिक, चेन्नईचं ए. आर. रहमान यांनी काढलेलं केएम म्युझिक कन्झर्व्हेटरी, पणजीची कला अकादमी अशा जागा आहेत. अर्ज करण्याआधी फोन करून एकच विचारा : सॅक्सोफोनला पूर्णवेळ शिक्षक सध्या आहे का? माहितीपत्रकातली यादी आणि वर्गातला माणूस यांचा मेळ बसेलच असं नाही.

पण हे सगळं दोन वर्षांनंतरचं. त्याआधी नोटेशन. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा भारतात होतात, सॅक्सोफोनला जॅझचा अभ्यासक्रमही आहे, आणि खर्च हजारांत राहतो. पाचव्या ग्रेडची थिअरी हे पहिलं ठाणं धरा. जवळ शिक्षक नसेल तर पुण्याला महिन्यातून दोनदा जाणं आणि मधल्या आठवड्यांत ऑनलाइन, असं बसवता येईल.

दुसरं काम तुमच्याच बँडमध्ये करता येईल आणि ते कुठल्याही कोर्सपेक्षा स्वस्त आहे. त्याला सांगा, एक गाणं घे आणि सगळ्या बँडसाठी कागदावर उतरव. पेटीवर काळी पाचचा सा धरला, तर क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर तो पांढरी एक होतो आणि त्याच्या स्वतःच्या ऑल्टोच्या कागदावर पांढरी पाच. तुमची माणसं हे बोटांनी करतात, कुणाला विचारलं तर सांगता येणार नाही. ज्याला हे लिहिता येतं तो अरेंजर. असा माणूस स्टुडिओला, शाळेला, क्रूझ जहाजाच्या बँडला, नाटकाला, सगळीकडे लागतो. महिन्याला एक गाणं त्याने असं लिहावं, आणि तुमच्या वादकांनी ते वाजवून त्याच्या चुका त्याच्या तोंडावर सांगाव्यात. वादक याबाबतीत भीड ठेवत नाहीत, हे बरंच आहे.

तिसरं, वाजवण्याची सवय. वरातीत ताशा आणि डीजेच्या वर आवाज काढायचा म्हणून मुलं जीव खाऊन फुंकतात. सूर ढळतो आणि हळू वाजवता येईनासं होतं. रोज सकाळी अर्धा तास मोबाइलवर ट्यूनर लावून एकेक सूर लांब आणि बारीक धरायचा, काटा हलता कामा नये. कंटाळवाणं आहे. सहा महिने न चुकता केलं तर माझ्या लेखी तो गंभीर आहे. दोन आठवड्यांत सुटलं तर बर्कलीचा विषय आपोआप मिटला आणि तुमचा एक रुपयाही गेला नाही.

बी.कॉम.बद्दल तुमचं खरं आहे, करायलाच हवं. फक्त ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करायला हरकत नाही, म्हणजे सकाळ रियाजाला मोकळी राहील. बँकांच्या क्लार्क भरतीलाही पदवी लागते, आणि आयबीपीएसच्या त्या परीक्षेला सर्वसाधारणपणे वयाच्या २८व्या वर्षापर्यंत बसता येतं. म्हणजे तुमची वाट दहा वर्षं उघडी आहे. त्याच्या बोटांचं आणि श्वासाचं वळण मात्र आत्ताच बसेल. म्हणून भांडण बँक की बाजा असं लावू नका.

आणखी एक वाट बँडवाल्यांच्या घरांत बऱ्याचदा माहीत नसते. वायुदल अग्निवीरवायू म्युझिशियनची वेगळी भरती काढतं. दहावी उत्तीर्ण, अविवाहित, वय एकविसाच्या आत. वाद्यांच्या यादीत सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट आहेत, आणि कुठल्यातरी पद्धतीचं नोटेशन वाचता यावं लागतं. नोकरी चार वर्षांची, त्यातले चौथा हिस्साच पुढे कायम होतात, हे लक्षात ठेवा. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीतही बँड्समनची पदं निघतात. जॅझ तिथे फारसा वाजणार नाही. पण रोज कागद वाचून वाजवायचा पगार मिळेल, आणि आर्मस्ट्राँगने बोटीवर दुसरं काय केलं?

लाजेबद्दल त्याच्याशी वाद घालू नका. अठराव्या वर्षी वर्गातल्या मुलांसमोर झालरीचा गणवेश घालून उभं राहणं कुणालाही जड जातं. गावातल्या वराती त्याला वगळून बाहेरगावच्या द्या, हा साधा तोडगा आहे. बाकी सुपाऱ्या नेहमीसारख्या, आणि त्याचा मेहनताना इतर वादकांसारखा मोजून त्याच्या हातात. त्यातून यंदा दोनच वस्तू घ्यायच्या : एक बरा ऑल्टो माउथपीस आणि अडीच नंबरच्या रीडांचं, म्हणजे माउथपीसवर बसणाऱ्या पातळ पट्ट्यांचं, दहाचं खोकं. टोक चिरलेल्या रीडवर वाजवणं आजपासून बंद.