पाचटाचं इथेनॉल: जिवाणूत नेमकं काय बदलतात?

तुझा प्रश्न असा की, वाळव्याकडं फडाफडात पाचट पेटवतात, तर जिवाणूंकडून त्याचं इथेनॉल का करून घेत नाहीत, आणि त्यासाठी जिवाणूंच्या जीनमध्ये काय बदलतात?

कराडजवळच्या एका डिस्टिलरीत मी बरीच वर्षं फर्मेंटेशन बघितलं. आमच्याकडं जिवाणू म्हणजे दुखणंच. एका उन्हाळ्यात टाकीवर वाकलो तर दह्यासारखा आंबट वास! पीएच घसरलेला, अल्कोहोल पडलेलं. लॅक्टोबॅसिलसनं यीस्टच्या तोंडची साखर पळवून लॅक्टिक आम्ल केलं होतं.

सगळं अडतं ते पायरुवेटपाशी. साखर तुटून पायरुवेट होतं, तिथून आम्लांकडं आणि अल्कोहोलकडं वाटा फुटतात. पाचटातून झायलोज ही पाच कार्बनची साखर बरीच निघते. साधं यीस्ट ती आंबवत नाही. ई. कोलाय हा जिवाणू आंबवतो, पण आम्लंच जास्त करतो. झायमोमोनास हा दुसरा जिवाणू अल्कोहोलात पटाईत, पण त्याला झायलोज चालत नाही.

फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इन्ग्रॅम यांच्या गटानं झायमोमोनासचे पीडीसी आणि एडीएचबी हे दोन जीन (यांची एन्झाइमं मिळून पायरुवेटचं अल्कोहोल करतात) ई. कोलायमध्ये घातले. 1991 साली त्याला मिळालेल्या अमेरिकन पेटंटचा क्रमांक बरोब्बर 50,00,000.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटते ती ही गोष्ट: लॅक्टिक आम्लाचं एन्झाइम निम्म्या वेगानं चालायलाही पायरुवेट सुमारे 7 मिलिमोलर लागतं, पीडीसीला 0.4 पुरतं. पाटाच्या तोंडाशी असलेल्यानं पाणी ओढलं की टेलवाल्याचं रान कोरडं राहतं, तसंच. लॅक्टिक आम्लाची वाट बुजवायची गरजच पडली नाही.

जीन आधी प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर होते, पण पेशी प्लास्मिड टाकून देतात. म्हणून पुढं ते गुणसूत्रातच बसवले आणि सक्सिनेट या दुसऱ्या आम्लाकडं नेणारा एफआरडी जीन काढला. तोच केओ11 वाण.

मग अडतंय कुठं? सेल्युलोज फोडायची एन्झाइमं महाग, आणि साखर सुटावी म्हणून पाचट आम्लात शिजवताना फरफ्युरल तयार होतं, ते जिवाणूंना मारक. वायक्यूएचडी या जीनचं एन्झाइम फरफ्युरल निवळतं खरं, पण त्यात पेशीला वाढीसाठी लागणारं एनएडीपीएच हे रसायन उडवतं आणि पेशीची वाढ खुंटते. तो जीन गप्प केला की ई. कोलाय जास्त फरफ्युरल सोसतो. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय शोधत असशील तर इथून सुरुवात कर.