गुरुदत्त पदुकोण, दीपिका पदुकोण आणि पदुकोण नावाचं गाव : यांचा आपसात काय संबंध?

तुमचा प्रश्न असा आहे : गुरुदत्त यांचं खरं आडनाव पदुकोण होतं असं वाचलं. इतकं दुर्मिळ आडनाव, मग दीपिका आणि प्रकाश पदुकोण त्यांच्या नात्यातले असणारच ना? आणि या नावाचं गाव खरंच आहे का?

गाव आहे. गुरुदत्त यांचं आडनाव पदुकोणच होतं. पण आडनाव एक म्हणून नातं निघत नाही. उलट ज्या सिनेमावाल्याशी गुरुदत्त यांचं सांगण्यासारखं नातं होतं, त्यांचं आडनाव निराळंच आहे. ते पुढे येईलच.

ही दोन्ही पदुकोण घरं चित्रापूर सारस्वतांची, म्हणजे सारस्वत ब्राह्मणांच्या एका लहान शाखेतली. माझं माहेरही त्यातलंच. घरगुती बोलीत आम्हाला भानप म्हणतात. मठ शिरालीला, म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या भटकळ तालुक्यात. गुरुपरंपरा 1708 पासूनची. समाज लहान, त्यामुळे आडनावंही मोजकी, आणि त्यातली बरीचशी कारवार ते मंगळूर या पट्टीतल्या गावांची नावं आहेत. कोकण रेल्वेनं कारवारच्या खाली गेलात तर फलाटावरच्या पाट्या वाचत जा : गोकर्ण रोड, मिरजान, कुमटा, होन्नावर, मंकी, मुर्डेश्वर, चित्रापूर, भटकळ, बिजूर, कुंदापुरा, बारकूर, उडुपी, मुल्की. आमच्याकडच्या एखाद्या मुंजीला आलेल्यांची यादी वाचावी, तशी वाटते ती. गोकर्ण, मिरजानकर, कुमटा, होनावर, मंकीकर, मुर्डेश्वर, बिजूर, बारकूर, मुल्की, सगळी आडनावं. लहानपणी गाडी थांबली की आई पाटीकडे बोट दाखवून म्हणायची, "हे बघ, शैलामावशीचं सासर." मावशीचं सासर मुळात ग्रँट रोडला होतं, पण आईच्या लेखी ते इथेच.

पदुकोणची पाटी मात्र रेल्वेत दिसणार नाही, कारण तिथे स्टेशन नाही. गाव उडुपी जिल्ह्यात, कुंदापूरच्या उत्तरेला. मरवंते तुम्ही फोटोत नक्की पाहिलं असेल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून जाणारा हमरस्ता. त्या रस्त्यावर समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की नदीपलीकडे नारळीच्या राया दिसतात, तो पदुकोणचा भाग. कन्नडमध्ये उच्चार 'पडुकोणे' असा आहे. मराठीत आपण पदुकोण करून टाकलं, हिंदीवाल्यांनी पादुकोण केलं. तक्रार करण्यात अर्थ नाही, आमच्या सगळ्याच आडनावांची ही गत आहे.

आता गावाचं नाव माणसांना लागलं कसं, ते बघा. पोर्तुगीज आल्यावर सोळाव्या शतकात सारस्वतांची बरीच घरं गोव्यातून दक्षिणेला सरकली. कुलदेव मागे गोव्यातच राहिले, म्हणून आजही मंगळूरचा किंवा बंगळूरचा भानप कुलदेवाला जायचं म्हटलं की मंगेशी, कवळे नाही तर बांदोड्याची वाट धरतो. खाली कानडा मुलखात केळदीच्या नायकांचं राज्य होतं. लिहिण्या-हिशेबात तरबेज असलेल्या या मंडळींना तिथे शानभोगाची कामं मिळाली. शानभोग म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णी. शानभाग हे आडनाव आलं ते तिथूनच. ज्या गावाचं दप्तर सांभाळलं, त्या गावाच्या नावानं घर ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे पदुकोण हे पुष्कळदा त्या घराण्याचं 'मूळ गाव' नसून पूर्वजाच्या नोकरीचं गाव असतं. एकाच गावात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी घरं येऊन राहिली, त्यांची गोत्रंही वेगळी असत. आडनाव एक, गोत्रं दोन, असं आमच्याकडे घडतं आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. लग्न ठरवताना आमच्या आज्या आडनावावर थांबत नसत. गोत्र कोणतं, कुलदेव कोणता आणि आई कुठल्या घरची, हे तीन प्रश्न झाल्याशिवाय पुढे चहासुद्धा येत नसे.

शिवाय गावाचं नाव गाव सोडल्यावरच उपयोगी पडतं. पदुकोणात बसलेल्या माणसाला पदुकोण म्हणून काय ओळखणार? तिथे सगळेच पदुकोणचे. ते मंगळुरात, बंगळुरात, मुंबईत गेल्यावर चिकटतं. म्हणून आडनावावरून गाव शोधत गेलेल्यांची निराशा होते. गावात तुमच्या आडनावाचं घर सापडेलच, असं धरून जाऊ नका.

यातला मला सगळ्यात मजेशीर वाटणारा भाग म्हणजे गावाचं नाव कुठे लावायचं, पुढे की मागे. कानडा जिल्हा इंग्रजांनी दोन तुकड्यांत वाटला. 1862 मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला आणि दक्षिण कानडा मद्रासकडेच राहिला. मद्रासच्या पद्धतीत गावाचं नाव आधी, स्वतःचं नाव नंतर, आणि लिहिताना गावाचं उरतं फक्त आद्याक्षर. बेनेगल घराण्यातले भाऊ बघा. बेनेगल नरसिंग राव हे घटना समितीचे घटनात्मक सल्लागार, पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश. जग त्यांना बी. एन. राव म्हणून ओळखतं. भाऊ बेनेगल रामा राव 1949 ते 1957 रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. त्या काळातली नोट कुणाच्या संग्रहात असेल तर सही बघा, 'बी. रामा राव'. तिसरे भाऊ बी. शिवा राव, पत्रकार आणि घटना समितीचे सदस्य. तिघांच्याही नावात बेनेगल गाव एका 'बी'मध्ये दडपून बसलंय. तेच गाव श्याम बेनेगल यांच्या नावात शेवटी आलं आणि घराघरांत पोचलं.

कार्नाडचंही तेच. कार्नाड हे मुल्कीजवळचं गाव. मंगळूरचे स्वातंत्र्यसैनिक कार्नाड सदाशिव राव यांनी आपली होती नव्हती ती संपत्ती चळवळीत घातली. त्यांच्या नावानं मंगळुरात के. एस. राव रोड आहे आणि बंगळुरातलं सदाशिवनगर हेही त्यांचंच नाव. गावावरून माणसाला नाव मिळालं, माणसावरून दुसऱ्या शहरातल्या जागेला मिळालं, आणि या प्रवासात 'कार्नाड' तेवढं गळलं. के. एस. राव रोडवर रिक्षा थांबवून 'के' म्हणजे काय असं विचारलं तर किती जण सांगतील, शंका आहे. गिरीश कार्नाड यांनी मात्र गाव मागे लावलं. त्यांचा जन्म आपल्या माथेरानचा, 1938 चा, आणि आई माहेरची मंकीकर.

मुंबई इलाख्यात गावाला शेपूट लागलं 'कर'. मंकीचे मंकीकर, चंदावरचे चंदावरकर. सर नारायण गणेश चंदावरकर मूळचे होन्नावरचे, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, प्रार्थना समाजाचे पुढारी आणि 1900 च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष. माटुंग्याला चंदावरकर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे नाव रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं वाटत असेल. 'कर' दिसलं की आपण डोळे मिटून तळकोकणात नेऊन सोडतो! अर्थात हा सरसकट नियम नव्हे, नुसता कल आहे. कैकिणी आणि गोकर्ण ही उत्तरेतलीच गावं, पण त्यांना 'कर' लागलं नाही.

बायकांच्या बाबतीत तर एका जन्मात दोन गावं होतात. सुमन कल्याणपूर घ्या. मराठी भावगीतांचा विषय निघाला की त्यांचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतं, 2023 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्या माहेरच्या हेम्माडी. हेम्माडी हे कुंदापूरच्या उत्तरेचं गाव आणि कल्याणपूर उडुपीजवळचं. एकाच हमरस्त्यावर, मोटारीनं तासाभराच्या अंतरावर. 1958 मध्ये लग्न झालं आणि नावातलं गाव तेवढं दक्षिणेला सरकलं.

आता गुरुदत्त. जन्म 9 जुलै 1925, बंगळूर. पाळण्यातलं नाव वसंतकुमार, वडील शिवशंकर पदुकोण. लहानपणी काही अपघात झाला, मग ते नाव लाभत नाही म्हणून बदलून गुरुदत्त ठेवलं. हे एकच नाव आहे, आपल्याकडे दत्तात्रय किंवा गुरुनाथ असतं तसं. पण बालपण कलकत्त्यात गेलं, आणि तिकडे 'दत्त' हे आडनाव असल्यामुळे लोकांनी नावाचे दोन तुकडे केले. गुरु हे नाव, दत्त हे आडनाव. लग्नानंतर गीता रॉय याही गीता दत्त झाल्या, मुलंही दत्त. म्हणजे एका पिढीत पदुकोण गेलं आणि स्वतःच्याच नावाचा अर्धा भाग आडनाव होऊन बसला. धाकटे भाऊ आत्माराम दिग्दर्शक झाले, तेही पदुकोण न लावता. बहीण ललिता, चित्रकार, लग्नानंतर लाजमी झाल्या. या पिढीतल्या प्रसिद्ध भावंडांपैकी एकानंही पदुकोण पडद्यावर आणलं नाही. पडद्यावर ते आलं थेट दीपिकाबरोबर, तेही बॅडमिंटन कोर्टावरून.

प्रकाश पदुकोण बंगळूरचे, जन्म 1955. 1971 ते 1979 सलग नऊ वर्षं राष्ट्रीय विजेते. 1980 मध्ये इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला हरवून ऑल इंग्लंड जिंकली, मग खेळासाठी डेन्मार्कला मुक्काम. दीपिकाचा जन्म त्यामुळे कोपनहेगनचा, 1986 चा. गाव, समाज, बंगळूर या तीन गोष्टी दोन्ही घरांत सारख्या, पण त्यावरून कुणाला कुणाचा चुलता करता येत नाही. गावचे म्हणा, हवं तर.

खरं नातं आहे ते बेनेगलांशी. श्याम बेनेगल यांची वडिलांकडची आजी आणि गुरुदत्त यांची आईकडची आजी या सख्ख्या बहिणी. कलकत्त्याला सिनेमाची पोस्टरं रंगवणारे बी. बी. बेनेगल हे गुरुदत्त यांचे आईकडून मामा, आणि त्यांचा लहानग्या गुरुदत्तवर मोठा प्रभाव होता असं सांगतात. बघा, नातं बायकांकडून गेलं, म्हणून आडनावात दिसत नाही. लहान समाजात असंच असतं. आडनाव धरून शोधाल तर हाती काही लागत नाही, आज्या धरून शोधाल तर अर्धी मुंबई नात्यातली निघते.

यातला एक योगायोग मला फार आवडतो. गुरुदत्त 1944 च्या सुमारास पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत नोकरीला लागले, देव आनंदशी दोस्ती झाली ती तिथेच. पुढे त्याच आवारात, लॉ कॉलेज रस्त्यावर, फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. सत्तरच्या दशकात गिरीश कार्नाड तिचे संचालक होते, श्याम बेनेगल पुढे अध्यक्ष झाले आणि भास्कर चंदावरकर तिथे संगीत शिकवत. पदुकोण, कार्नाड, बेनेगल, चंदावर. कानडा किनाऱ्यावरची चार गावं पुण्यातल्या एका फाटकातून आत-बाहेर करत होती, आणि पुणेकरांना त्याचा पत्ताही नव्हता.

मुंबईत तर ही गावं आणखी दाटीनं राहिली. 1906 मध्ये शामराव विठ्ठल यांच्या नावानं सहकारी पतपेढी निघाली, तीच आजची एसव्हीसी बँक. हे शामराव विठ्ठल आडनावानं कैकिणी. पुन्हा गावाचं नाव गळलंच! गावदेवीला 1915 मध्ये सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली, ती देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. ताडदेवची तळमकीवाडी कुणी पाहिली असेल तर तिथल्या जिन्याखालच्या नावांच्या पाट्या वाचाव्यात. मी वर दिलेली रेल्वेची यादी जवळपास पुरी होते.

तुम्हाला गाव बघायचंच असेल तर कुंदापुराला उतरा, बैंदूरकडे जाणारी बस धरा आणि मरवंत्याला समुद्र दिसला की उतरून नदीपलीकडचं पदुकोण कुठे ते कुणालाही विचारा. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास गेलात तर मरवंत्याच्या अलीकडे हेम्माडीला थांबा. तिथली बारीक पिवळी शेवंती त्या भागात प्रसिद्ध आहे, मारणकट्टेच्या जत्रेला तीच वाहतात आणि थोडेच दिवस असते.