लाकडी चर्च, तेही अडीचशे वर्षांचं?

प्रश्न : ताई, जूनमध्ये लेकीकडे फिनलंडला चाललोय. पेतायावेसी गावातलं जुनं लाकडी चर्च मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे का?

उत्तर : काका, नक्की जा! युवास्कुला शहराच्या पश्चिमेला छोटंसं गाव आहे, तिथल्या लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिश्चन, शेतकऱ्यांसाठी याक्को लेप्पॅनेन या सुताराने 1763 ते 65 मध्ये पाइनचे ओंडके एकमेकांत अडकवून ते बांधलं, आणि 1821 मध्ये घंटेचा मनोरा जोडला तो त्याच्याच नातवाने, मला हेच सगळ्यात भावतं. तळ्याकाठची जागाही विचार करूनच निवडलेली, उन्हाळ्यात लोक होडीने यायचे आणि हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून. आत गेलात की घाई करू नका, भिंतींना रंग नाही, नुसतं जुनं लाकूड, वर छताच्या कमानींवर तांबड्या रंगाची नक्षी, आणि प्रवचनाचा ओटा खांद्यावर पेलून उभा असलेला लाकडी संत ख्रिस्तोफर, त्याच्यासमोर जरा थांबाच. 1879 मध्ये गावाला नवीन चर्च मिळालं आणि हे मागे पडलं, पण त्यामुळेच फार फेरफार न होता टिकलं, 1994 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आत हीटिंग नाही, म्हणून उन्हाळाच बरा, तरी स्वेटर असू द्या.