ऑफिसचा कॉम्प्युटर घरून उघडायचाय, पण कसा?

प्रश्न: ताई, मी वडोद्याला दांडिया बाजारात राहतो, मांडवीतल्या एका कापड दुकानाचे हिशेब बघतो. गुडघ्यांमुळे रोज जाणं होत नाही म्हणून शेठच्या भाच्याने राऊटरमध्ये काहीतरी सेटिंग करून दिलं, आता घरून रिमोट डेस्कटॉपने टॅली उघडते. पण गेल्या आठवड्यात माझं अकाउंट लॉक झालं, आणि मी पासवर्ड चुकवलाच नव्हता! हे काय?

उत्तर: काका, सदरात मी नवीन, म्हणून आधी ओळख सांगते. मी नेटवर्क इंजिनिअर, माहेर रावपुऱ्याचं, आणि माझं रोजचं कामच हे की लोकांना घरून ऑफिसला जोडून द्यायचं आणि तिऱ्हाइताला बाहेर ठेवायचं.

भाच्याने राऊटरवर पोर्ट ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, बाहेरच्यांसाठी उघडलंय. म्हणजे भर मांडवीत शटर वर ठेवायचं आणि गल्ल्याला तेवढं कुलूप. आपल्या एवढ्याशा दुकानाकडे कोण बघतंय असं वाटतं ना, पण २०१३ मध्येच मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी एका मशीनवरून इंटरनेटचे जवळपास सगळे आयपीव्ही४ पत्ते (इंटरनेटवरच्या मशीनचे नंबर) ४५ मिनिटांत तपासून दाखवले होते, तेव्हा तुम्हाला कुणी मुद्दाम शोधत नाही, प्रोग्रॅम सरसकट सगळ्यांची दारं वाजवत फिरतात. तुमचं युजरनेम 'अ‍ॅडमिन' किंवा दुकानाचंच नाव असेल बहुतेक, त्यावर पासवर्ड मारत बसले आणि विंडोजने लॉक केलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग म्हणजे नोंदवही असते, त्यात ४६२५ नंबर शोधा, तो फसलेल्या लॉगिनचा, तुम्ही झोपेत असतानाच्या वेळा दिसतील.

शेठना सांगून राऊटरमधलं ते पोर्ट उघडायचं सेटिंग आजच काढायला लावा. भाचा म्हणेल पोर्टचा नंबर बदलू, त्याचं ऐकू नका, दुसरा नंबरही सापडतोच.

त्याऐवजी वायरगार्ड बसवा, हे व्हीपीएन, म्हणजे घरापासून दुकानापर्यंतचा बंद खाजगी रस्ता, फुकट आहे, २०२० पासून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये म्हणजे गाभ्यातच आहे, विंडोजवर आणि बऱ्याच राऊटरवरही चालतं. यातही एक पोर्ट उघडावंच लागतं पण ज्याच्याकडे तुमची 'की', म्हणजे गुप्त डिजिटल किल्ली, नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे दार वाजवणाऱ्याला इथे काही आहे हेच कळत नाही. आधी वायरगार्ड चालू करायचं, मग नेहमीसारखा रिमोट डेस्कटॉप. मोबाईलवर हवं तर वायरगार्डचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, फक्त तो कोड समोर बसून स्कॅन करा, भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर नको म्हणा, त्यात तुमची प्रायव्हेट की असते! फोन हरवला तर तेवढं एक नाव दुकानातल्या वायरगार्डच्या यादीतून काढायचं, बाकी काही बदलावं लागत नाही.

आणि प्लेस्टोअरवरची फुकट व्हीपीएन अ‍ॅप वेगळी हं, ती तुम्हाला तुमच्या दुकानात नेत नाहीत, कुणा तिसऱ्याच्याच सर्व्हरवर नेतात.

टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, घेतला की पेनड्राइव्ह काढून ठेवा. लावूनच ठेवला तर व्हायरस तोही खातो.

बाकी उत्तरायणाला मांज्याने केबल तुटली तर माझ्याकडे इलाज नाही, त्या दिवशी उंधियू खा, हिशेब वासी उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवसही गेल्यावर.