ड्वॉर्फ राजाचा अंगरक्षक खेळणार असशील तर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून भूमिका वठवायच्या खेळात पहिलंच पात्र म्हणून ड्वॉर्फ (बुटक्या, काटक जमातीचा) आणि तोही राजाचा अंगरक्षक घेतोयस, मला मनापासून आवडलं. फक्त कुऱ्हाडीच्या आधी ढालीचा विचार कर. २०१४च्या नियमांप्रमाणे फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, पहिल्याच लेव्हलला फायटिंग स्टाइल (लढण्याची खास पद्धत) निवडायची असते. तिथे डोळे झाकून 'प्रोटेक्शन' घे. समज, राजा तुझ्यापासून ५ फुटांच्या आत उभा आहे आणि कुणी त्याच्यावर भाला उगारला. हल्लेखोर तुला दिसत असेल, तर रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी झटपट कृती) वापरून ढाल मध्ये घालायची. मग हल्लेखोराला दोन डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकून त्यातला कमी आकडा धरावा लागतो. हातात ढाल नसेल तर यातलं काहीच चालत नाही. आणि रिअ‍ॅक्शन एका फेरीत एकच! पळत्या गोब्लिनवर वार करण्यात ती घालवलीस की राजा उघडा पडला. नवे खेळाडू हमखास इथेच फसतात.

याच नियमांत ड्वॉर्फचा वेग २५ फूटच, पण जड चिलखताने तो कमी होत नाही, त्यामुळे बिनधास्त घाल. अंधारात ६० फुटांपर्यंत दिसतं, बोगद्यातल्या पहाऱ्याला ते पुरतं.

आता निष्ठा. ड्वॉर्फ साधारण ३५० वर्षं जगतात. आजच्या राजाला तू पाळण्यात पाहिलेलं असू शकतं. मग तुझी शपथ त्या माणसाशी आहे की सिंहासनाशी? राजाने अन्यायाचा हुकूम दिला तर तू काय करशील, हे डीएमशी (खेळ चालवणाऱ्याशी) पहिल्या सेशनआधीच बोलून घे.