भूल, शस्त्रक्रिया आणि चढलेली साखर

प्रश्न : आईला मधुमेह नाही, तरी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर साखर १८५ आली. भुलीच्या औषधामुळे का?

उत्तर : भुलीपेक्षा ऑपरेशनचाच हात मोठा. छेद घेताच मज्जातंतूंमार्फत मेंदूला वर्दी जाते. अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके (हार्मोन्स) वाढतात, इन्सुलिन मात्र कमी स्रवते व नीट कामही करत नाही. यकृत साखर सोडत राहते, स्नायू ती पुरेशी उचलत नाहीत. कॉर्टिसॉल साधारण ४ ते ६ तासांत शिखर गाठते. कमरेखालच्या शस्त्रक्रियेत पाठीतून दिलेली भूल ही वर्दी वाटेतच अडवते. पूर्ण भुलीला ते तितकेसे जमत नाही. (एटोमिडेट हे भुलीचे औषध अपवाद : एकच डोस कॉर्टिसॉल कित्येक तास दाबून ठेवतो.) उलटी टाळायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिले होते का, हेही विचारा; त्यानेही साखर चढते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. ६.५ टक्के किंवा जास्त आल्यास मधुमेह बहुधा आधीपासूनचाच.